आधी गाव, मग गाडी

शनिवारी सकाळी आमच्या जेवणाच्या टेबलावर दोन कागद शेजारी शेजारी मांडलेले असतात. समोर कधी बारावीतला मुलगा आणि त्याचे आईबाबा बसलेले असतात, कधी सहा महिन्यांपूर्वी सांगलीहून आलेली एखादी बीकॉम झालेली मुलगी, तर कधी नोकरी सुटलेला चाळिशीतला गृहस्थ. कागद जवळच्या कम्युनिटी कॉलेजच्या कॅटलॉगमधून छापलेले असतात. एकावर लिहिलेलं असतं 'बिझनेस अ‍ॅडमिनिस्ट्रेशन, एएस-टी', दुसऱ्यावर 'बिझनेस मॅनेजमेंट, एएस'. दोन्ही पदव्या साठ युनिटांच्या, दोन्ही दोन वर्षांच्या. कॅलिफोर्नियाच्या रहिवाशाला युनिटमागे ४६ डॉलर पडतात, म्हणजे फीसुद्धा सारखीच, २,७६० डॉलर. मी काहीच समजावून सांगत नाही. दोन्ही कागद वाचा आणि आवडेल त्यावर बोट ठेवा, एवढंच म्हणते.

दहातले आठ जण दुसऱ्या कागदावर बोट ठेवतात. ते साहजिकच आहे. त्यावर मार्केटिंग असतं, माणसं कशी सांभाळायची ते असतं, छोटा उद्योग कसा उभा करायचा ते असतं. पहिल्या कागदावर अकाउंटिंगचे दोन कोर्स, इकॉनॉमिक्सचे दोन, कायद्याचा एक, आणि वर गणित. एक मुलगा मला म्हणाला होता, "काकू, मला बिझनेस करायचाय, हिशेब नाही लिहायचेत." त्याच्या बाबांनीही मान डोलावली. मग मी विचारलं, दोन वर्षांनी कुठे जायचंय? दोघं एकदमच म्हणाले, "बर्कलीला."

बर्कलीकडे जाणारी गाडी त्या दुसऱ्या कागदावरून सुटतच नाही. पहिल्यावरून सुटते, तीही थेट नाही, मध्ये बदलावी लागते. ही पुस्तिका लिहायला घेतली ती त्या मुलाच्या बोटामुळे.

माझंही बोट चुकलेलं आहे. मी २००३ साली कोल्हापूरहून एच-४ व्हिसावर, म्हणजे नवऱ्याच्या कामाच्या व्हिसाला जोडून मिळणाऱ्या व्हिसावर, इथे आले. बीकॉमला चांगले मार्क होते, दोन वर्षं एका सीएंच्या ऑफिसात काम केलेलं होतं. घराजवळच्या एका कॉलेजात काउन्सेलरची पंधरा मिनिटं मिळाली. समोरच्या बाई प्रेमळ होत्या. त्यांनी माझा व्हिसा पाहिला, मांडीवरचं बाळ पाहिलं आणि बुककीपिंगचं सर्टिफिकेट आणि त्याला जोडून दोन वर्षांची एक पदवी सुचवली. तुम्हाला झेपेल असं आहे, म्हणाल्या. मी पुढे स्टेट युनिव्हर्सिटीत जायचं म्हणत होते, हे त्यांनी ऐकलंही असेल. पण त्या कागदावर ते कुठेच उतरलं नाही. मी बासष्ट युनिटं पूर्ण केली, बहुतेक विषयांत 'ए' मिळवला आणि विद्यापीठात अर्ज केला, तेव्हा कळलं की माझ्या मुख्य विषयाच्या खात्यात त्यातली जेमतेम निम्मी जमा होणार आहेत. बाकीची 'इलेक्टिव्ह' म्हणून एका बाजूला. पुन्हा दीड वर्ष खालच्या पायरीवर काढलं. त्या दीड वर्षाचा मला आजही राग येतो, आणि तो येतो म्हणूनच हे लिहिते आहे.

पुढे त्याच भागातल्या कॉलेजांत मी अनेक वर्षं अकाउंटिंगची ट्यूटर होते. तेव्हा ग्रंथालयात बर्टन क्लार्क नावाच्या समाजशास्त्रज्ञाचं १९६० सालचं पुस्तक हाती लागलं. सॅन होजेच्या ज्युनिअर कॉलेजचा अभ्यास करून त्यांनी एक गोष्ट मांडली होती. दार सगळ्यांना उघडं असतं, पण आत आल्यावर बऱ्याच जणांची मोठी इच्छा हळूहळू, गोडीगुलाबीनं थंड केली जाते. चाचण्या, सल्ले, 'तुला हे जास्त जमेल' असं सांगणं, आणि मग विद्यार्थी स्वतःहूनच छोट्या वाटेकडे वळतो. क्लार्क यांनी याला जे नाव दिलं त्याचा अर्थच 'निववणं' असा आहे. ते वाचताना मला ती पंधरा मिनिटं आठवली. त्या बाईंच्या मनात काहीही वाईट नव्हतं. दुधावर फुंकर घालावी तशी त्यांनी माझी इच्छा निववली, आणि मी त्यांचे आभार मानून बाहेर पडले.

या संस्थांचा जन्म मात्र नेमक्या उलट हेतूनं झाला. १९०१ साली इलिनॉयमधल्या जोलिएट गावच्या हायस्कुलात सहा विद्यार्थ्यांचा एक वर्ग सुरू झाला. शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर आणि त्या शाळेचे प्रमुख जे. स्टॅन्ली ब्राउन यांची ही कल्पना होती. मुलांनी गाव न सोडता विद्यापीठाची पहिली दोन वर्षं तिथेच करावीत आणि तिसऱ्या वर्षाला मोठ्या ठिकाणी जावं. जोलिएट हे देशातलं सगळ्यात जुनं सार्वजनिक कम्युनिटी कॉलेज मानलं जातं, आणि ते आजही सुरू आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर सैनिक शिकायला परतले, १९४७ साली ट्रूमन यांच्या आयोगानं अशी कॉलेजं गावोगावी काढा म्हटलं, आणि 'कम्युनिटी कॉलेज' हे नाव रुळलं. पुढे त्यात कामधंद्याचं शिक्षणही आलं. परिचारिका, मोटार मेकॅनिक, दंतवैद्याचे सहायक, हिशेबनीस असे सगळेच तिथे घडू लागले. एकाच छपराखाली दोन कामं आली. कुठल्या कामासाठी आपण आलो आहोत, हे ओळखायची जबाबदारी विद्यार्थ्यावर येऊन पडली.

परिचारिकेच्या बाबतीत गोंधळ होत नाही, कारण तिथे नाव आणि काम एकच असतं. गोंधळ होतो तो बिझनेसमध्ये. 'बिझनेस' हा शब्द दोन्ही दारांवर लिहिलेला आहे. एका दारामागे चार वर्षांच्या पदवीचा पाया आहे, दुसऱ्यामागे दोन वर्षांत नोकरीला लागण्याची तयारी. दोन्ही गोष्टी चांगल्या आहेत. पण एका दारानं आत गेलं की दुसऱ्याच्या अंगणात सहजासहजी निघता येत नाही.

याचं कारण कळलं की पुढचं सगळं सोपं होतं, म्हणून इथे जरा थांबते. विद्यापीठं आपल्या विषयांचे दोन मजले मानतात. पहिल्या दोन वर्षांचे विषय खालच्या मजल्यावर, शेवटच्या दोन वर्षांचे वरच्या. बिझनेसमध्ये खालच्या मजल्यावर असतात फायनान्शियल आणि मॅनेजेरियल अकाउंटिंग, मायक्रो आणि मॅक्रो इकॉनॉमिक्स, स्टॅटिस्टिक्स, कॅल्क्युलस, कायद्याची ओळख. मार्केटिंग, फायनान्स, मनुष्यबळ, संघटनेतली माणसांची वागणूक हे सगळं बहुतेक विद्यापीठांत वरच्या मजल्यावर शिकवतात. मोजके अपवाद सोडले तर कम्युनिटी कॉलेज फक्त खालचा मजला भरतं. त्यामुळे तिथे तुम्ही मार्केटिंग कितीही उत्तम शिकलात तरी विद्यापीठ म्हणतं, हा आमचा तिसऱ्या वर्षाचा विषय, तो आमच्याकडेच करा. युनिटं देतात, पण इलेक्टिव्ह म्हणून. आणि तिसऱ्या वर्षाच्या मार्केटिंगला बसायचं तर आधी अकाउंटिंग आणि इकॉनॉमिक्स झालेलं लागतं, तेच नेमकं राहिलेलं असतं. दुसरा कागद आकर्षक दिसतो तो यामुळेच. त्यावर वरच्या मजल्याचे विषय असतात, पण तिथून वर जायचा जिना नसतो.

असं होणाऱ्यांची संख्या थोडी नाही. कम्युनिटी कॉलेजात पाऊल ठेवणाऱ्यांपैकी सुमारे ८० टक्के जण पुढे बॅचलर्स करायचं म्हणतात. प्रत्यक्षात एक तृतीयांशाच्या आसपास विद्यार्थी विद्यापीठात पोचतात, आणि सहा वर्षांच्या आत पदवी हातात पडते ती साधारण १६ टक्क्यांच्या. यात पैशाची तंगी आहे, नोकरी सांभाळून शिकणं आहे, आजारी आईवडील आहेत. पण वाया गेलेली युनिटंही आहेत. सरकारी हिशेबतपासणी करणाऱ्या संस्थेचा २०१७ चा अहवाल सांगतो की २००४ ते २००९ या काळात कॉलेज बदललेल्या विद्यार्थ्यांची सरासरी ४३ टक्के क्रेडिटं गळाली. यात सर्व प्रकारची स्थलांतरं धरलेली आहेत. सरकारी कम्युनिटी कॉलेजातून सरकारी विद्यापीठात जाणाऱ्यांची गळती बरीच कमी असते, पण असतेच.

ही गळती थांबवण्यासाठी कायदेही झाले. कॅलिफोर्नियात २०१० साली झालेल्या कायद्यानं ट्रान्सफरसाठीच्या खास असोसिएट पदव्या आणल्या. नावापुढची ती 'टी' म्हणजे तीच. ही पदवी घेतली की स्टेट युनिव्हर्सिटीच्या व्यवस्थेत कुठे ना कुठे जागा मिळते, आणि त्याच विषयात पुढे गेलात तर उरलेल्या साठ युनिटांत बॅचलर्स पुरं होईल असं वचन असतं. 'कुठे ना कुठे' हे शब्द मी मुद्दाम लिहिले आहेत. सॅन होजे स्टेटसारख्या गर्दीच्या कॅम्पसवर 'टी' असूनही स्पर्धा असतेच. न्यू जर्सीत २००७ चा कायदा आहे. तिथे एए किंवा एएस पदवी राज्याच्या सरकारी विद्यापीठांत अख्खी धरली जाते, पण एएएस धरली जात नाही. एडिसनमध्ये आपली माणसं इतकी आहेत, आणि जुन्या लष्करी दारूगोळा आगाराच्या जागेवर उभं असलेलं मिडलसेक्स कॉलेज त्यांच्या दाराशी आहे. तरीही त्या एका जादा 'ए'चा अर्थ किती घरांत माहीत असतो, हा प्रश्न मला सतावतो. त्या 'ए'चा अर्थ 'अप्लाइड', म्हणजे कामासाठीची पदवी.

म्हणून मी सगळ्यांना एकच सांगते. आधी गाव ठरवा, मग गाडी. एसटी स्टँडवर उभं राहून जी गाडी आधी लागेल तिच्यात आपण बसत नाही, पाटी वाचतो. इथे पाटी म्हणजे विद्यापीठ आणि कॉलेज यांच्यातला करार. कॅलिफोर्नियात ते सगळे असिस्ट नावाच्या सरकारी संकेतस्थळावर फुकट वाचायला मिळतात. डाव्या बाजूला विद्यापीठाला हवा असलेला कोर्स, उजव्या बाजूला तुमच्या कॉलेजातला त्याच्या तोडीचा कोर्स. उजवीकडे काहीच नसेल तर तो विषय तुमच्याकडे नाही, दुसऱ्या कॉलेजात करावा लागेल. हे पान पहिल्या सेमिस्टरच्या नोंदणीआधी वाचायचं. तिसऱ्या सेमिस्टरला वाचून फक्त वाईट वाटतं.

गाव ठरवायचं म्हणजे नुसतं 'यूसी', म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, म्हणून भागत नाही. बर्कलीला हास नावाचं बिझनेस स्कूल आहे, तिथली स्पर्धा फार मोठी. लॉस एंजेलिसच्या यूसीत बिझनेस अ‍ॅडमिनिस्ट्रेशन या नावाची बॅचलर्स पदवीच नाही, तिथे बिझनेस इकॉनॉमिक्स आहे. त्याला कॅल्क्युलसचे पुरे दोन कोर्स लागतात, एका सत्रात उरकणारं 'बिझनेस कॅल्क्युलस' चालत नाही. कॉलेजच्या यादीत मात्र बिझनेसच्या मुलांसाठी तेच पुढे केलेलं असतं. या एका कोर्सपायी एक वर्ष थांबलेली दोन मुलं माझ्या टेबलाशी बसून गेली आहेत. डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा आणि सँटा क्रूझ हे सहा कॅम्पस अटी पूर्ण केल्या तर प्रवेशाची हमी देतात. पण प्रत्येक कॅम्पसवर प्रत्येक विषयाला ती लागू नसते, आणि त्याचा अर्ज सप्टेंबरात भरायचा असतो. मुख्य अर्जाच्या आधी! गणपतीच्या गडबडीत ती तारीख विसरू नका.

दोन वर्षांचीच पदवी हवी असेल, तर दुसरा कागद मनापासून उचला. ज्याला घरचं दुकान सांभाळायचंय, जिला पेरोलचं काम शिकून लगेच कामाला लागायचंय, ज्याचा हात कामात बसलेला आहे पण कागद नाही, त्याच्यासाठी ती पदवी सरळ आणि प्रामाणिक आहे. पुस्तिकेतलं एक अख्खं प्रकरण तिच्यावर आहे, आणि ते मी दुय्यम समजून लिहिलेलं नाही.

आपल्या घरांसाठी आणखी एक हिशेब आहे, जो कुठल्याच कॅटलॉगमध्ये छापलेला नसतो. एच-४ वरच्या मुलांना केंद्र सरकारची शैक्षणिक मदत मिळत नाही. राज्यातल्या रहिवाशाची फी मात्र कॅलिफोर्नियात लागू होऊ शकते, म्हणून अशा घरांना कम्युनिटी कॉलेज फार मोठा आधार ठरतं. पण एकविसाव्या वर्षी एच-४ संपतो. अठराव्या वर्षी कॉलेजात गेलेला मुलगा विसाव्या-एकविसाव्या वर्षी ट्रान्सफर घेतो, म्हणजे विद्यापीठ बदलणं आणि व्हिसा बदलणं एकाच हंगामात येऊन भिडतं. वाया गेलेलं एक सेमिस्टर इतरांना पैशात पडतं, या मुलांना ते मुदतीत पडतं. त्यांच्या आईबाबांनी पुस्तिकेतलं चौथं प्रकरण आधी वाचावं. पुण्या-नाशिकहून थेट एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर इथे येणाऱ्यांसाठीही त्यात एक भाग आहे. त्यांना युनिटचा दर कित्येक पटींनी जास्त पडतो. शिवाय बिझनेसच्या बहुतेक पदव्या विज्ञान-तंत्रज्ञानाच्या 'स्टेम' यादीत नसल्यामुळे शिक्षणानंतरच्या कामाच्या परवानगीत दोन वर्षांची वाढ मिळत नाही. एजंट हे आपणहून सांगेलच असं नाही.

आणि आता त्या सांगलीच्या मुलीबद्दल. माझा सगळ्यात जास्त जीव अशा मुलींत अडकतो. देशात शिकून आलेल्या, घरात बसलेल्या, एच-४ वर शिकायची पूर्ण मोकळीक असलेल्या. मे २०१५ पासून त्यांतल्या काहींना कामाचा परवानाही मिळू लागला. जिच्या नवऱ्याच्या ग्रीन कार्डाच्या वाटेवरचा ठरावीक टप्पा पार झालाय, ती अर्ज करू शकते. अशा मुली पहिल्या दिवशी अकाउंटिंगच्या वर्गातून हिरमुसून बाहेर येतात. नावे-जमा, रोजकीर्द, खतावणी, तेरीज सगळं पाठ असतं आणि तरी समोरचा ताळेबंद ओळखू येत नाही. आपल्याकडे पारंपरिक ताळेबंदात देणी डावीकडे आणि मालमत्ता उजवीकडे. इथे मालमत्ता डावीकडे, तीही रोकड सगळ्यात वर, आणि देणी उजवीकडे. आपले 'संड्री डेटर्स' इथे 'अकाउंट्स रिसीव्हेबल' होतात. एकीनं वहीचं पान आरशासमोर धरून मला दाखवलं होतं, "हे बघा ताई, असं केलं की कळतं." ती आता एका कंपनीत कंट्रोलर आहे. तिनं कम्युनिटी कॉलेजात दुसरी पदवी घेतलीच नाही, फक्त हवी तेवढी युनिटं केली. आपल्या तीन वर्षांच्या बीकॉमला इथे चार वर्षांच्या पदवीचं मोल दर वेळी मिळतंच असं नाही, ते मूल्यमापनावर ठरतं. पण सीपीएच्या, म्हणजे इथल्या सीएच्या, परीक्षेला लागणारी अकाउंटिंगची आणि बिझनेसची राहिलेली युनिटं या कॉलेजांत स्वस्तात भरून काढता येतात. तिच्यासाठी गाव पदवी नव्हतं, परवाना होता. सीपीएचे नियम अलीकडे बऱ्याच राज्यांत बदलताहेत, तेव्हा राज्याच्या अकाउंटन्सी बोर्डाचं ताजं पत्रक समोर ठेवूनच ते प्रकरण वाचा.

महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात "मुलगा कुठे असतो?" असं कुणी विचारलं की आई आवाज खाली आणून "इथेच, सीसीला" म्हणते, तेव्हा मला वाईट वाटतं. ज्या कॉस्टकोतून आपण तांदळाची पोती आणतो, ती उभी करणाऱ्या दोघांतले जिम सिनेगल सॅन डिएगोच्या सिटी कॉलेजात शिकलेले. त्याच काळात फेडमार्ट नावाच्या दुकानात गाद्या उतरवायचं काम करत ते पुढे गेले. मुलाचं नाव घेताना आवाज खाली आणायचं काहीच कारण नाही. त्याच्या हातात कुठला कागद आहे, एवढं मात्र विचारा.

या पुस्तिकेत जे आहे ते माझं एकटीचं नाही. टेबलाशी बसलेल्या प्रत्येकानं काही ना काही शिकवलं. कुणी नाकारलं गेल्याचं पत्र आणून दाखवलं, कुणी स्वीकारलं गेल्याचं. बर्कली म्हणणारा तो मुलगा शेवटी रिव्हरसाइडला गेला, हमी घेऊन, एकही युनिट न गमावता. त्यानंच मला पुस्तिकेचं शेवटचं पान सुचवलं. त्या पानावर तीन रकाने कोरे ठेवले आहेत. पहिल्यात विद्यापीठ आणि विषय, दुसऱ्यात त्यांना हवा असलेला कोर्स, तिसऱ्यात तुमच्या कॉलेजातला त्याचा नंबर. पेन्सिलीनंच भरा. करार दर वर्षी नवे निघतात, आणि नवा करार आला की तिसरा रकाना खोडून पुन्हा लिहावा लागतो.